वाळू बदलली, मग पाणी दुधाळ का झाले?

प्रश्न : आमच्या घरी दोन फुटी काचेची टाकी आहे. दोन गोल्डफिश, चार मॉली आणि एक गोरामी. तळाला तीन वर्षे निळे-पिवळे खडे होते. त्यांचा रंग उडाला होता आणि फटींत घाण साचत होती, म्हणून रविवारी ते सगळे काढून टाकले आणि नदीची बारीक वाळू घातली. त्याच निमित्ताने टाकी आतून घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धुतला आणि पाणीही नवे भरले. भरताना पाणी मातकट झाले, पण सोमवारी बरेच निवळले. बुधवारी सकाळी पाहतो तर ते पुन्हा धूसर. या वेळी दुधाळ पांढरे. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. वाळू तर तळाला बसली आहे, मग हा गढूळपणा आला कुठून? त्याने माशांचा श्वास कोंडतो का? आई म्हणते तुरटी फिरव, दुकानदार म्हणतो सगळे पाणी बदला. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, कराड

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नका. आधी एअर पंप चालू आहे ना ते पाहा. नसेल तर लावा. माशांचे खाणे दोन दिवस बंद ठेवा. रात्रभर उघड्या बादलीत साठवलेल्या पाण्याने टाकीतले पाव पाणी बदला. एवढे करा आणि मग पुढचे सावकाश वाचा.

तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे वारांचा हिशेब. पाणी एकदा गढुळले, निवळले आणि मग पुन्हा गढुळले. एकाच कारणाने आलेला गढूळपणा असा मध्येच एक दिवस रजा घेत नाही. रविवारचे आणि बुधवारचे प्रकरण वेगवेगळे आहे. पहिले धुळीचे, दुसरे जिवाणूंचे. तुमच्या माशांना ज्यापासून खरा धोका आहे ते तिसरे प्रकरण मात्र डोळ्यांना दिसतच नाही.

रविवारचे पाणी

वाळूच्या पिशवीत नुसती वाळू कधीच नसते. कणांची भुकटी आणि थोडी चिकणमाती तिच्यासोबत येतेच आणि पाणी ओतले की उठते. ती किती वेळात खाली बसेल हे कणाच्या आकारावर ठरते. हा हिशेब जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्येच मांडून ठेवला आहे : कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. तुमच्या टाकीत पाण्याची उंची ३० सेंटीमीटर धरू. ०.१ मिलिमीटरचा वाळूकण सुमारे अर्ध्या मिनिटात तळ गाठतो. २ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा मातीचा कण तेवढ्याच अंतराला जवळजवळ २० तास घेतो. अर्ध्या मायक्रॉनच्या कणाला दोन आठवडे लागतात.

तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. टाकीत फिल्टर पाणी फिरवत असतो, बुडबुडे ते ढवळत असतात. गोल्डफिश तर कार्पच्या कुळातला. तळाची वाळू तोंडात घ्यायची, चाळायची आणि थुंकायची हा त्याचा दिवसभराचा उद्योग. शिवाय मातीच्या बारीक कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, एकत्र येऊन जड होत नाहीत. म्हणून न धुतलेली वाळू घातलेली टाकी कधी कधी आठवडाभर मातकट राहते. तुमचे पाणी दुसऱ्याच दिवशी बरेच निवळले, म्हणजे तुम्ही वाळू बऱ्यापैकी धुतली होती.

अशा धुळीने माशाचा श्वास कोंडतो का? मासा तोंडाने पाणी आत घेतो, ते कल्ल्यांवरून जाते आणि कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर पडते. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांतले रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहत असते, म्हणून पाण्यातल्या जेमतेम प्राणवायूतलाही मोठा वाटा माशाला काढून घेता येतो. धुळीचे कण या पापुद्र्यांवर बसू लागले की कल्ले चिकट स्राव सोडतात, कण त्यात अडकतात आणि मासा मधूनच पाण्याचा झोत उलटा मारून ते झटकून टाकतो. माशांचे अभ्यासक याला माशाचा खोकलाच म्हणतात.

दोन-तीन दिवसांच्या धुळीला ही व्यवस्था पुरते. आपले रोहू, कटला तर पावसाळ्यात नद्यांना पूर आला, पाणी लाल-तपकिरी झाले की मगच अंडी घालतात. ॲमेझॉन खोऱ्यातल्या सोलिमोएस नदीचे पाणी अँडीज पर्वतातल्या गाळाने बारमाही गढूळ असते आणि त्यात माशांच्या कितीतरी जाती सुखाने राहतात. धूळ आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगत राहिली तर कल्ल्यांचे पापुद्रे सुजतात, जाड होतात आणि श्वास घेणे खरोखर अवघड होते. तुमच्याकडे ती वेळ आलेली नाही. रविवारच्या धुळीची चिंता सोडून द्या.

बुधवारचे पाणी

बुधवारचा रंग मातकट नव्हता, दुधाळ होता. ही मोकळ्या तरंगणाऱ्या जिवाणूंची भरती आहे. एक जिवाणू साधारण एका मायक्रॉनचा. एका मिलिलिटरमध्ये ते लाखो-कोटींच्या संख्येने झाले की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि पाणी पांढरट दिसते. फिल्टरच्या स्पंजाची छिद्रे त्यांच्या मानाने प्रचंड मोठी असल्याने ते आरपार निघून जातात. म्हणून फिल्टर चालू असूनही पाणी साफ होत नाही.

हे जिवाणू पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगतात. तुमच्या टाकीत तो पदार्थ दोन वाटांनी आला. तीन वर्षे खड्यांच्या फटींत बसलेली विष्ठा, उरलेले अन्न, शेवाळाचे तुकडे खडे उपसताना ढवळले गेले आणि त्यांचा काही अंश मागे राहिलाच. दुसरे म्हणजे काच, खडे आणि स्पंज यांच्यावर वर्षानुवर्षे जमलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर एरवी हे अन्न आपणच संपवत होता. तुम्ही तो घासून काढलात. अन्न राहिले, खाणारे गेले. ती जागा पाण्यात तरंगणाऱ्यांनी पटकावली. अनुकूल पाण्यात त्यांची संख्या काही तासांतच दुप्पट होते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत पाणी पांढरे होते.

हे जिवाणू स्वतः माशांना रोग देत नाहीत. पण ते प्राणवायू खातात. २५ अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात आधीच साठा कमी, त्यात वाटेकरी वाढले. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर रात्री दिवा बंद झाल्यावर त्याही प्राणवायू वापरतात. म्हणून अशा टाकीतले मासे बहुधा पहाटे वर आलेले दिसतात. एअर पंप लावायला पहिल्याच ओळीत सांगितले ते याचसाठी.

अन्न संपले की ही भरती आपोआप ओसरते. जिवाणूंना खाणारे एकपेशीय जीवही मागोमाग वाढतात आणि काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, पाणी एखाद्या रात्रीत लख्ख होते.

धूळ की जिवाणू, याची खात्री घरच्या घरी करता येते. काचेच्या पारदर्शक बरणीत टाकीतले पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाला थर बसला आणि वरचे पाणी साफ असेल तर धूळ. बरणीभर सारखेच दुधाळ राहिले तर जिवाणू. मागे पांढरा कागद धरल्यावर हिरवट झाक दिसली तर ते सूक्ष्म शेवाळ असते आणि त्याचे कारण जास्त ऊन किंवा जास्त वेळ चालू राहणारा दिवा. पाणी पारदर्शक पण तपकिरी असेल तर तो लाकडाच्या ओंडक्यातून उतरलेला रंग, निरुपद्रवी.

न दिसणारे प्रकरण

आता मुख्य गोष्ट. माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो; पन्नास लिटरच्या टाकीत जायला जागा नाही. तरीही तीन वर्षे तुमचे मासे जगले, कारण खड्यांवर आणि स्पंजावर राहणारे जिवाणूंचे दुसरे एक कुळ हा अमोनिया संपवत होते. त्यातले काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसवते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते.

हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जिवाणूंकडून होते हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवले. गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर पार पाडतो असे पुढे जवळजवळ शंभर वर्षे मानले गेले. १९९८ मध्ये टिमथी होवॅनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाक्यांचे नमुने तपासले तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा सापडला. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा नायट्रोस्पायराही उजेडात आला. त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच घेतलेला होता.

या कुळाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवा. एक, ते पाण्यात फारसे तरंगत नाही. खडे, वाळू, स्पंज, काच अशा पृष्ठभागाला चिकटून राहते. म्हणून तुमचे जुने पाणी गेले यात मोठे नुकसान नव्हते, खडे गेले यात होते. दोन, ते अतिशय संथ वाढते. दुधाळ पाणी करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर यांना बहुधा दिवसभर तरी लागतो. शून्यापासून सुरू केलेल्या टाकीत ते पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे जातात.

रविवारी तुम्ही एका दमात खडे फेकले, काच घासली आणि स्पंज क्लोरीन असलेल्या नळाखाली धुतला. जे घाण म्हणून गेले ते टाकीचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र होते. टाकी तीन वर्षांची असली तरी आजच्या घटकेला ती नव्या टाकीएवढीच कच्ची आहे आणि तिच्यात पूर्ण वाढलेले सात मासे रोज अमोनिया सोडत आहेत. त्यातही गोल्डफिश खादाड. त्याची घाण जास्त.

तळाखाली प्लास्टिकची जाळी बसवून खड्यांतूनच पाणी ओढणारा जुन्या पद्धतीचा फिल्टर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या बाबतीत तर तळाचे खडे म्हणजेच अख्खा फिल्टर. त्यांनी सगळे खडे एकदम कधीच काढू नयेत. अशा जाळीवर बारीक वाळूही घालू नये, ती फटी बुजवते.

अमोनिया किती घातक, हे पाण्याच्या पीएचवर ठरते. पाण्यात तो दोन रूपांत असतो. त्यातले मुक्त अमोनिया हे रूप कल्ल्यांतून सहज आत शिरते आणि तेच विषारी. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भाग मुक्त असतो. पीएच ८ असेल तर ५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे दहापट. दुकानात मिळणारा थेंबांचा तपासणी संच एकूण अमोनिया सांगतो. त्यावर लिटरला १ मिलिग्रॅम दिसले तर पीएच ७ च्या टाकीत अजून सवड आहे. पीएच ८ च्या टाकीत कल्ल्यांना इजा सुरू झाली असे समजा. दख्खनच्या बेसाल्टी भागातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि आम्लारीधर्मी असते. तुमची टाकी बोअरच्या पाण्यावर असेल तर ही गोष्ट तुम्हाला जास्त लागू आहे.

नायट्राइटचा फेरा थोडा उशिरा येतो, एक-दोन आठवड्यांनी. तो माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप असे बदलतो की त्याला प्राणवायू वाहता येत नाही. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. यात सर्वांत फसवा भाग असा की एव्हाना पाणी लख्ख झालेले असते. घरचे निर्धास्त होतात, खाणे वाढवतात, कोणी तर नवे मासेही आणतात आणि नेमके तेव्हा मासे मरू लागतात.

माशांकडे काय पाहायचे?

तुमचा गोरामी वर येऊन हवा घेतो त्याचे काही वाटून घेऊ नका. गोरामी आणि फायटर यांना कल्ल्यांच्या वर एक जादा श्वसनेंद्रिय असते. स्वच्छ पाण्यातही ते अधूनमधून वरची हवा घेतात. गोल्डफिश आणि मॉली यांचे तसे नाही. ते पृष्ठभागाला तोंड लावून सतत हलवत असतील तर प्राणवायू कमी आहे किंवा कल्ले दुखावले आहेत. एअर पंप लावल्यावर तासा-दोन तासांत ते खाली गेले तर कारण प्राणवायूचे होते. पंप जोरात असूनही वरच राहिले, कल्ले लालभडक दिसले, पर अंगाशी मिटलेले असले, मासा एका कोपऱ्यात तळाला बसून राहिला किंवा मध्येच झटका दिल्यासारखा सैरावैरा पळाला, तर अमोनिया किंवा नायट्राइट वाढला आहे असे धरून लगेच पाणी बदला. तपासणी नंतर करा.

तुरटी आणि दुकानदाराचा सल्ला

आईचा अनुभव खोटा नाही. तुरटीतले ॲल्युमिनियम मातीच्या कणांवरचा ऋण भार मारते, कण एकत्र येऊन गोळे होतात आणि खाली बसतात. नगरपालिकेची जलशुद्धीकरण केंद्रेही हेच तत्त्व वापरतात. पण तिथे मात्रा मोजून दिलेली असते आणि बसलेला साका बाजूला काढून पाणी पुढे गाळले जाते. पिण्याच्या हंड्यातही आपण वरचे पाणी ओतून घेतो. टाकीत साका आणि मासे एकत्रच राहणार. तुरटी पाण्यातला क्षार खर्ची घालते आणि पीएच खाली आणते. पाणी मुळात मऊ असेल तर एकदम खाली आणते. आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसून माशांना घातक ठरते. वर, तुमचा आत्ताचा गढूळपणा मातीचा नाहीच. अमोनियावर तर तुरटीचा काही इलाज चालत नाही. पाणी दिसायला साफ होईल, मासे आहेत तसेच संकटात राहतील. बाजारात मिळणारे पाणी साफ करणारे थेंब तुरटीइतके घातक नसतात, पण तेही फक्त दिसण्यापुरतेच.

दुकानदाराचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पाणी बदलल्याने अमोनिया पातळ होतो, ते हवेच. पण एकदम सगळे बदलले तर तापमान आणि पीएच यांचा माशांना धक्का बसतो आणि दुधाळपणा दोन दिवसांत पुन्हा येतो. घाई करून फिल्टर पुन्हा धुणे तर अजिबात नको. अमोनिया वाढलेला दिसला तर रोज पाव ते तिसरा हिस्सा, असे सलग काही दिवस बदला.

आता काय करायचे?

एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. वीज गेली तर तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन अर्ध्या हाताच्या उंचीवरून परत टाकीत ओतत राहा. प्राणवायू मिसळायला तेवढेही पुरते. भारनियमन नेहमीचे असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा.

खाणे दोन-तीन दिवस पूर्ण बंद. पूर्ण वाढलेल्या, निरोगी माशाला तेवढ्या उपासाने काही होत नाही. पुढचे दोन आठवडे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या.

बदलायचे पाणी आदल्या दिवशी रुंद तोंडाच्या बादलीत काढून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. ताबडतोब बदलायची वेळ आलीच तर दुकानातले क्लोरीन मारणारे थेंब वापरा. नवे पाणी टाकीतल्या पाण्याएवढेच कोमट-थंड असू द्या.

अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचा संच आणा आणि एक दिवसाआड पाहा. नायट्राइट दिसू लागला तर तुमच्या पन्नासएक लिटरच्या टाकीत एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास, साधे मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या वाटेवर नायट्राइटशी स्पर्धा करतो आणि त्याला आत शिरू देत नाही. एवढे मीठ गोल्डफिश, मॉली, गोरामी तिघांनाही चालते. नंतर पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्याच्या प्रमाणातच नवे मीठ घाला. अमोनियावर मात्र मिठाचा उपयोग नाही.

सर्वांत जलद उपाय फुकटात मिळू शकतो. ओळखीत कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरातला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. त्यावर तयार जिवाणू असतात, चार-सहा आठवड्यांचे काम बरेच कमी होते. मात्र त्या टाकीत आजारी मासा नसल्याची खात्री करून घ्या. फेकलेले खडे अजून अंगणात ओले पडले असतील तर मूठभर खडे जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडायला हरकत नाही. कोरडे पडले असतील तर नको.

मासे बादलीत काढून ठेवू नका. बादलीत फिल्टर नसतो, पाणी कमी असते आणि पकडापकडीत मासा आणखी थकतो.

पुढच्या वेळी

तळ बदलायचाच झाला तर तीन हप्त्यांत बदला. एका वेळी एक तृतीयांश, आणि पुढच्या हप्त्यापूर्वी निदान आठवडाभर थांबा. त्या काळात फिल्टरला हात लावू नका. फिल्टरचा स्पंज एरवीही टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा असतो, नळाखाली नाही.

जुना थर खूप जाड आणि काळपट असेल, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मासे आधी त्यांच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हलवा, बादलीत हवेची नळी सोडा आणि वर झाकण ठेवा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो वायू माशांना फार थोड्या मात्रेत मारतो.

नवी वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन हाताने ढवळत, वरचे पाणी निथळे येईपर्यंत धुवा. दोन फुटी टाकीत पाच सेंटीमीटरच्या थराला साधारण चौदा किलो माल लागतो, त्यामुळे यात अर्धा दिवस मोडेल. बारीक वाळू असेल तर तीन सेंटीमीटरही पुरे. वनस्पतींसाठी मिळणारी खतयुक्त माती मात्र धुवायची नसते. ती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, म्हणून मासे असलेल्या टाकीत ती एकदम घालू नये. बांधकामाची क्रश सँड आणू नका. तिच्यात दगडाचे पीठ फार असते. समुद्राची वाळूही नको. तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होते आणि पीएच वर जातो. शंका असेल तर चिमूटभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर ती वाळू परत करा.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडा. फिल्टरमध्ये आठवडाभर पॉलिस्टर तंतूंचा पातळ थर ठेवा, उरलेली धूळ तो पकडतो. औषधाच्या दुकानातला कापूस नको, तो लगदा होऊन पंपात अडकतो.

थोडक्यात, रविवारची धूळ गेली, बुधवारचे दूध आपोआप जाईल आणि त्यानंतरचे पाच-सहा आठवडे खरे जपायचे आहेत. पाणी काचेसारखे दिसू लागले म्हणून तपासणी थांबवू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसेपर्यंत टाकीत एकही नवा मासा आणू नका.